पेजवालीच्या हातची खिचडी

अंगणवाडीत वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. पोरं बोलतात, पोरांच्या आया बोलतात, आणि तालुक्याच्या ऑफिसातून येणारे तर फक्त बोलायलाच येतात. मी सेविका. सगळे मला 'बाई' म्हणतात आणि मनात आलेलं बिनधास्त माझ्यासमोर ओकून जातात. पण त्या सिरीयलपासून जे किस्से जमले ना, त्यांची जातच वेगळी. सांगायला बसले की समोरचा पोट धरून हसतो. मी पण हसते. मग घरी जाताना माझंच डोकं फिरतं.

सिरीयल म्हणजे सासू-सुनेची नव्हे, भुताची. मोबाइलवर सगळे भाग एकदम येतात, तसली. मुळात ते इंग्रजी कॉमिक, कुणा मुंबईच्या मुलानं काढलेलं. त्यातलं मुख्य भूत म्हणजे पेजवाली. गावात अन्नान्न दशा, आणि ही बाई उंबराखाली चूल मांडून पोरांना तांदळाची पेज वाढते. तिच्या हातची पेज जे पोर पितं, ते घरी परतत नाही. शूटिंग झालं आमच्याकडे, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी.

आणि पेजवाली झाली आमची सुनंदा!

सुनंदा म्हणजे माझी मदतनीस. अंगणवाडीतल्या पोरांची खिचडी तीच शिजवते, तीच वाढते, रडकं असेल त्याला मांडीवर घेऊन भरवते. नवऱ्याची कंबर गेल्यापासून तिच्या या मानधनावरच घर चालतं.

* * *

शूटिंगवाले खरं तर आमचं मोठं पातेलं मागायला आले होते. बाहेर चुलीवर खिचडी, लाकडं ओली, सगळीकडे धूर. सुनंदा केस मोकळे सुटलेले, डोळे लाल, हातात पळी घेऊन चुलीला शिव्या घालत होती. त्यांच्यातल्या एका पोरानं पिशवीतून कॉमिक काढलं, एक पान उघडलं. पानाकडे बघितलं, सुनंदाकडे बघितलं.

"सेम! सर, सेम टू सेम!"

सुनंदानं वाकून चित्र पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे खोल, पुढचे दात बाहेर.

"माजा फोटू यांच्याकडं कसा गेला?"

"ताई, तुम्हाला तर मेकअपची पण गरज नाही!"

केवढी खूश झाली! मी पण झाले. घरी येऊन चार लोकांना सांगितलं की आमच्या सुनंदाला मेकअपची गरजच नाही म्हणे. रात्री भाकरी थापताना त्या वाक्याचा अर्थ लागला, आणि हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. पोरांच्या आधी घास घशाखाली न घालणाऱ्या बाईचं उपाशी तोंड यांना भूत म्हणून आयतं मिळालं होतं.

* * *

सिरीयल आली तेव्हा सगळ्या बायका विमलकाकींच्या घरी जमलो. विमलकाकी म्हणजे सरपंचाची आई. त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही. चहा झाला, भजी झाली. पेजवाली पडद्यावर आली तशी बायकांनी किंकाळ्या मारल्या. विमलकाकींनी मांडीवरच्या नातवाचे, अद्वैतचे, डोळे हातानं झाकले. स्वतःचे मात्र टक्क उघडे!

संपल्यावर त्यांनी सुनंदाच्या ओटीत नारळ घातला. "नाव काढलंस गो गावाचं!"

सुनंदाचा नवरा कोपऱ्यात पाठीला उशी लावून बसला होता. सगळे विचारायला लागले, कसं वाटलं, बायकोनं कसं काम केलं?

"काम बरा केला," तो म्हणाला. "पेज पातळ झाली व्हती."

* * *

आता बबनचं ऐका. बबन धसई-मुरबाड जीप चालवतो. त्याला हवालदाराचा रोल मिळाला. पहिल्याच भागात पेजवाली त्याची मान मोडते आणि तो संपतो. पण पडला असा झकास, की तेवढाच तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

फिरत फिरत तो शहापूरकडच्या त्याच्या आत्येपर्यंत पोचला. म्हातारीनं पाहिलं काय, तर बबन पोलिसाच्या कपड्यात रस्त्यावर पडलाय, डोळे उघडे, तोंडातून रक्त. तिनं बबनला फोन लावला, तर तो जीपमध्ये, रेंज नाही. झालं! दुपारी टेम्पो भरून माणसं रडत ओरडत त्याच्या दारात. बबन ओटीवर बसून सुक्या बोंबलाबरोबर भाकरी खात होता.

आत्येनं टेम्पोतून उतरून आधी त्याला कवटाळलं आणि मग सणसणीत कानफटात दिली. "जिता हायेस तर सांगाया काय झालता?"

इथपर्यंत लोक हसतात. पण त्या टेम्पोत बबनचा चुलता पण होता. शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेलं, बबनच्या लग्नाला सुद्धा आला नव्हता. तो डोक्याला टॉवेल बांधून ढसाढसा रडत आला होता. बबनला भाकरी खाताना बघितलं, टॉवेल सोडला, डोळे पुसले आणि म्हणाला, "बरा हाय ना? मंग मी जातो." पाणीसुद्धा घेतलं नाही!

बबन आता जीपमधल्या पॅसेंजरांना सांगतो, "मी मेल्यालाच बरा व्हतो. घरातली मानसं तरी येत व्हती."

* * *

सिरीयल गाजली तसे मोबाइलवर व्हिडिओ करणारे आले. माझं माहेर तानशाच्या धरणाच्या बाजूला. तिथल्या वाडीत धर्माबाबा म्हणून जुना भगत आहे, कुणाला लागीर झालं की लोक त्याच्याकडे जातात. त्याला नातवानं मोबाइलवर दोन भाग दाखवलेले. मी भावाकडे गेले होते तेव्हाच मुंबईचा एक मुलगा माइक घेऊन वाडीत आला. टोपी उलटी, बूट पांढरे.

"बाबा, सिरीयलमधलं भूत कसं वाटलं?"

"लय टाइम घालवते," धर्माबाबा म्हणाला. "धरायचा तर धरायचा. मधी गानी कशाला?"

मुलगा खूश. "म्हणजे तुमच्याकडे अशी खरीखुरी भुतं आहेत?"

"व्हती ना. वढ्याला एक, चिंचेखाली एक, मसनवट्यात तर रांगच. मंग धरन बांदला. समदी पान्याखाली गेली."

"मग आता ती कुठे असतात?"

"तेंना पन दुसरीकडं जागा नाय दिली, आमच्यावानी. ता पानी तुमीच पिता ना? मंग तुमच्याकडंच आली आसतील."

तो व्हिडिओ त्यानं टाकलाच नाही. पुढे कधीतरी धर्माबाबाचा नुसता चेहरा टाकला, खाली नाव: पेजवालीला ओळखणारा शेवटचा माणूस! सिरीयलच्या आधी धर्माबाबानं पेजवालीचं नावही ऐकलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, "ही कोन हाय? कोनच्या गावची?"

* * *

यानंतरचा किस्सा हसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतात, पण सगळी आग तिथून लागली.

एका शनिवारी मुंबईची गाडी अंगणवाडीसमोर थांबली. दोन मुली, दोन मुलगे, सगळे त्या सिरीयलचे फॅन. एकीच्या टी-शर्टवर पेजवालीचं चित्र. सुनंदाला बघून त्यांनी उड्याच मारल्या. फोटो काढले. सुनंदा प्रत्येक फोटोत हसत होती.

"आँटी, हसू नका ना! रागानं बघा!"

सुनंदानं रागानं बघितलं. मग त्यांना तिच्यापुढे पोरं पाहिजे झाली, घाबरलेली. पोरांना सांगितलं, घाबरा. पोरं कशाला घाबरतात? सुनंदाच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली ती, खदखदून हसायला लागली. एक जण तर तिचा पदर धरून लोंबकळला. शेवटी त्या मुलीनं पर्समधून चॉकलेटं काढली. जो जोरात किंचाळेल त्याला चॉकलेट!

मी ओरडले, "ओ, हे काय चाललंय?" तोवर पोरांनी अशी बोंब ठोकली की चिंचेवरचे कावळे उडाले. अद्वैत सगळ्यात पुढे. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, आणि मागे पळी घेतलेली सुनंदा.

"सो रिअल!" मुलगी म्हणाली, आणि गाडी धुरळा उडवत गेली.

तो फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर. चॉकलेट काही फोटोत दिसत नव्हतं.

* * *

सोमवारी निम्मी पोरं आली. मंगळवारी आली ती घरून डबा घेऊन. मी एका पोराच्या आईला विचारलं, का गो? ती पायानं माती उकरत बसली. "सासू बोलते, तिच्या हातचा नको."

मी तडक विमलकाकींकडे गेले. म्हटलं, काकी, तुम्ही तर तिच्या ओटीत नारळ घातलात.

"घातला ना. माला का समजत नाय का? ता समदा खोटा हाय."

"मग?"

"मंग खोटा तरी कशाला घरात आनायचा?"

शिकलेल्याला समजावता येतं, अडाण्याला समजावता येतं. 'मला कळतं, पण' म्हणणाऱ्याला ब्रह्मदेव समजावू शकत नाही.

शेवटी देवळात बैठक झाली. सुनंदा पातेलं घेऊनच गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मी सुनंदा. याच गावात नांदाया आली. तुमची पोरा माझ्या मांडीवर वाढली. ता नाटक व्हता, जसा जत्रेत आसतो." मग तिनं पातेल्यातली खिचडी ताटलीत घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. ताटली चाटून पुसून स्वच्छ केली आणि उलटी करून दाखवली. "बगा, झाला का माला काय?"

मला वाटलं, जिंकली!

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "तिला कसा काय व्हईल? वाढनारीच ती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या क्षणी एकेकाला धरून बडवावंसं वाटलं. बबन तेवढा उठून म्हणाला, "माजी तर मान मोडली हिनं, मी रोज मुरबाडला जातोय!" लोक हसले आणि घरी गेले. पोरं मात्र आली नाहीत.

* * *

मग सरपंचाच्या गाडीतून चार माणसं ऑफिसात जाऊन आली, आणि ऑफिसातल्या मॅडम आमच्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, वही उघडली.

"हे बघा, आपण विसाव्या शतकात नाही आहोत. मी स्वतः अंधश्रद्धा अजिबात मानत नाही."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी शहाणं आलं.

"पण उपस्थितीचं काय? मुलं आहार घेत नाहीत. वरती मी काय सांगू? सुनंदाताई, तुम्ही काही दिवस घरी बसा. वातावरण निवळलं की बघू."

"मानधन?" मी विचारलं.

"कामावर नसताना मानधन कसं मिळेल, बाई? तुम्ही जुन्या आहात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! सुनंदा चुलीजवळ गेली, पळी घासली, खुंटीला अडकवली. मॅडम उठल्या, पर्स घेतली, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. मला वाटलं, मन बदललं.

"सुनंदाताई, एक सेल्फी घेऊ? माझी मुलगी तुमची फार मोठी फॅन आहे."

सुनंदानं फोटो दिला. मॅडमनी सांगायच्या आधीच रागानं बघितलं.

तिच्या जागी कामाला आली विमलकाकींच्या भाच्याची बायको. खिचडी रोज खाली लागलेली आणि वर कच्ची. पोरं ताटली उलटी करून म्हणायची, "आमाला पेजवालीच्या हातचा पायजे!" आणि आया त्यांच्या पाठीत धपाटे घालायच्या.

सुनंदा म्हसाच्या जत्रेतून आणलेल्या दोन बकऱ्या चारायला न्यायला लागली. रस्त्यात बायका भेटल्या की पोराला पदराआड घ्यायच्या. आधी ती थांबून म्हणायची, "अगो, मी सुनंदा." नंतर म्हणायचं सोडून दिलं.

मी ऑफिसात दोनदा जाऊन भांडले. काही झालं नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

विमलकाकींना दोन नातू. थोरला अद्वैत, आणि धाकटा अजून रांगता. अद्वैतला ताप भरला. मुरबाडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सरळ कल्याणला पाठवला. पेशी कमी झालेल्या. पोरगा हॉस्पिटलात, हाताला सलाइन, सरपंच आणि त्याची बायको दिवसरात्र तिकडे. गावात सगळे गप्प. पण त्या गप्प बसण्यातून सुनंदाच्या घराकडे कसे बघत होते, ते मला दिसत होतं. पोराचं काही बरं-वाईट झालं असतं तर त्या घरावर पहिला दगड कोण टाकेल, हेसुद्धा मी सांगू शकले असते.

म्हणून दुपारी पोरं घरी गेली की मी सुनंदाकडे जाऊन बसत होते. त्या दिवशी पण बसले होते. ती ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आत नवरा झोपलेला.

अंगणात विमलकाकी! एकट्या, पायात चप्पल नाही. त्या घरची बाई सुनंदाच्या अंगणात कधी आलेली मी पाहिलं नव्हतं. आल्या त्या थेट पायरीवर, सुनंदाच्या पायाशी बसल्या.

"सुनंदा, गो, सोड त्याला."

सुनंदाचा हात थांबला.

"चुकला आमचा. मीच पाठवलती मानसा ऑफिसात. उद्यापासून तू ये, मी सांगते, माझा पोरगा सांगंल मॅडमना. भाच्याच्या बायकोला घरी बसवते. तुला पायजे ता देते. पन माझ्या अद्वैतला सोड!"

माझं रक्तच तापलं. "काकी, काय बोलताय? त्याला डास चावलाय! डॉक्टर..."

सुनंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात दाबला.

तिनं विमलकाकींकडे पाहिलं. काय चाललं होतं तिच्या मनात, देव जाणे. 'मी सुनंदा' म्हणाली असती, तर काकी उठून गेल्या असत्या, आणि ती पुन्हा बकऱ्यांच्या मागे.

"डॉक्टर काय बोलला?" तिनं विचारलं.

"सकाळधरना ताप उतरलाय बोलतो. पेशी वाढाया लागल्यात. पन तू सोडल्याबिगर पोर घरी कसा येईल?"

सुनंदानं सुपातला एक खडा उचलला, अंगणात टाकला.

"सोडला," ती म्हणाली.

विमलकाकींनी सुनंदाच्या पायांवर डोकं टेकलं. सुनंदानं पाय मागे घेतले नाहीत.

"पन डॉक्टर सोडत नाय तवर त्याला हलवायचा नाय. ऐकला का? आन उद्या मी येतेय, तर लाकडा सुकी पायजेत."

"व्हय गो आये, व्हय." काकी उठल्या, पदरानं डोळे पुसले, अंगणात उतरल्या. चार पावलं गेल्या आणि थबकल्या. मागे वळल्या. हात पुन्हा जोडलेले.

"आन... धाकटा?"

सुनंदानं सूप उचललं, तांदूळ एकदा वर उडवला, झेलला.

"त्याला आजून धरला नाय," ती म्हणाली.